बाळाला कामाला लावू नकोस

विंगेतून : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

काका, नमस्कार.

मी पेडणे तालुक्यातला, वय ३४. दिवसा सरकारी नोकरी, जत्रेच्या दिवसांत काल्यातला, म्हणजे आमच्याकडच्या दशावतारी खेळातला, हसवणारा राक्षस संकासूर. उत्सवाच्या नाटकांतला विनोदी पार्टही गेली बारा वर्षं माझ्याकडेच आहे. माझा मोठा भाऊ जोडीला असायचा. तो गंभीर चेहऱ्यानं प्रश्न विचारणार, मी वाकडं उत्तर देणार. लोक आमच्या एंट्रीलाच हसायला लागायचे.

तीन वर्षांपूर्वी माघात शेजारच्या गावात माझं नाटक होतं. दादाला त्यात पार्ट नव्हता, तो नुसता बघायला येणार होता. मी पगडी घरी विसरलो म्हणून त्याला फोन केला, "येताना घेऊन ये." वाटेत अंधारात उभ्या असलेल्या ट्रकवर त्याची बाईक आदळली. दुसरा अंक संपला तेव्हा मंडळाच्या लोकांना कळलं होतं, पण मला कुणी सांगितलं नाही. मी उसनी पगडी घालून तिसरा अंक केला. त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा तिसऱ्या अंकात आला.

दहाव्याला कावळा शिवेना. सगळ्यांनी काय काय कबूल करून बघितलं. शेवटी मी म्हटलं, "दादा, पार्ट सोडणार नाही." तेव्हा शिवला.

मग दारू. आधी प्रयोग झाल्यावर एक नाइंटी, मग प्रयोगाआधी, मग रोजची क्वार्टर, मग मोजायचं सोडलं. यंदा जूनमध्ये बायकोनं दिवस गेल्याचं सांगितलं आणि त्याच आठवड्यात ती माहेरी सावंतवाडीला निघून गेली. मी बांबोळीच्या मनोरुग्णालयात जाऊन दाखल झालो. पाच महिने झाले, थेंब घेतलेला नाही. चवथीला बायको परत आली. जानेवारीअखेरची तारीख आहे.

आता तालमी सुरू झाल्यात आणि मी पडतोय. एक वाक्य बसत नाही. रंगपटात मित्र म्हणतात, "सोरो घे मरे, ना जाल्यार तुजो संकासूर उठचो ना." (दारू घे रे, नाहीतर तुझा संकासूर रंगणार नाही.) सासूबाई म्हणतात, देवळात बायकोच्या पोटावर हात ठेवून शपथ घे. त्यांनी कुठूनशा गोळ्याही आणल्यात, चहातून द्यायच्या. मला स्वतःला वाटतं, बाळाचं तोंड बघितलं की उरलंसुरलं सगळं सुटेल. पण रात्री झोप लागत नाही. नाटक सोडू का? आणि असला माणूस बाप व्हायच्या लायकीचा असतो का?

— संकासूर

प्रिय संकासूर,

लायकीचा प्रश्न आधी बाजूला काढतो, कारण त्याचं उत्तर कुणी मागितलेलंच नाही. जानेवारीअखेर बाळ येणार आहे. तू लायक असशील, नसशील, बाप तू होणारच. आता कसा होतोस तेवढंच बघायचं राहिलंय.

तुझ्या पत्रात मला पगडीपेक्षा, ट्रकपेक्षाही भीती वाटली ती एका साध्या वाक्याची. "बाळाचं तोंड बघितलं की उरलंसुरलं सगळं सुटेल." हे वाक्य मी ओळखतो. माझंच आहे ते.

मी बावीस वर्षं नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं. त्यातली चौदा वर्षं पिऊन. विंगेत कंदिलाएवढ्या उजेडात वही धरून उभं राहायचं असतं, लोकांना तुमचं तोंड दिसत नाही, त्यामुळे कुणाला फारसं कळायचं नाही. घरी मात्र कळायचं. मुलगी सहा वर्षांची असताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. बायको रडली, आईनं देवापुढे साखर ठेवली, मलाही भरून आलं. अकराव्या दिवशी मी माशेलच्या एका नाटकाहून पिऊन घरी आलो. योगायोग असा की त्याच आठवड्यात पोरीला ताप भरला. ताप साधाच होता, तीन दिवसांत उतरला. पण पोरीनं तिच्या परीनं हिशोब मांडला होता. तिसऱ्या दिवशी पेज भरवताना तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही परत प्यायलात तर मी मरणार का?"

त्यानंतरही मी सुटलो नाही, हे तुला सांगायला हवं. असल्या वाक्यानं माणूस सुटतो असं नाटकात दाखवतात. मला पुढे आणखी तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत ती रोज रात्री दारात उभी राहायची. मी आलो की आधी जवळ येऊन वास घ्यायची आणि मग मिठी मारायची, किंवा मारायची नाही. आज मला एकोणीस वर्षं झाली आहेत. तिचं लग्न झालं, तिला मुलगा आहे. तरी अजूनही मी तिच्या घरी गेलो की दारात अर्धा क्षण तिचं नाक काम करतं. तिला ते ठाऊक नसावं. मला आहे.

म्हणून सांगतो, न जन्मलेल्या बाळाला कामाला लावू नकोस. ते येतंय ते तुझा पहारेकरी म्हणून नाही, औषध म्हणून नाही, दादाच्या जागी तर नाहीच नाही. पोटावर हात ठेवून शपथ घेणं म्हणजे त्या जिवाला जन्माआधीच जामीन ठेवणं. सासूबाईंना माझ्या नावानं सांग की शपथ घ्यायचीच असेल तर संकासूर स्वतःच्या डोक्यावर हात ठेवील, आणि तीसुद्धा एका दिवसाची. उद्या सकाळी उठून परत. एका दिवसाची शपथ माणसाला पाळता येते. जन्माची शपथ बहुतेकदा पहिल्याच आठवड्यात मोडते, आणि मग मोडलीच आहे तर आता काय, असं म्हणत माणूस बाटली पूर्ण करतो.

तुझ्याच धंद्यातल्या एका मोठ्या माणसाचं सांगतो. रॉबिन विल्यम्स, अमेरिकेतला विनोदी नट. १९८२ च्या मार्चमध्ये त्याचा मित्र जॉन बेलुशी, तोही विनोदी नटच, नशेच्या पदार्थांनी गेला. त्या रात्री मरणाआधी काही तास विल्यम्स त्याच्या खोलीवर जाऊन आला होता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये विल्यम्सला पहिला मुलगा झाला. मित्राचं मरण आणि येणारं बाळ, या दोन गोष्टींनी आपल्याला दारू आणि कोकेन सोडायला लावलं, असं तो सांगायचा. म्हणजे तुझीच गोष्ट, भूगोल तेवढा वेगळा. सुटली ती जवळजवळ वीस वर्षं सुटली. मग २००३ च्या सुमाराला अलास्कात चित्रीकरण करताना त्यानं परत घोट घेतला. तिथे एकटेपणा होता. पुढची तीन वर्षं गडबडत गेली, आणि २००६ मध्ये तो पुन्हा उपचाराला दाखल झाला. तोवर तो तीन मुलांचा बाप होता आणि मुलांवर त्याचा जीव होता, याबद्दल कुणाला शंका नाही. (२०१४ मध्ये त्यानं आत्महत्या केली, ते दारूमुळे, असं आपल्याकडे काही लोक ठोकून देतात. शवविच्छेदनात दारूचा अंशही सापडला नव्हता. मेंदूचा एक आजार सापडला.) मला एवढंच दाखवायचंय की बाळामुळे माणूस सोडायला लागतो हे खरं. पुढचं काम मात्र बाळ करत नाही, ते रोज आपल्यालाच करावं लागतं.

आता तुझ्या पडणाऱ्या संकासुराकडे येऊ. इथे मी तुझ्या मित्रांपेक्षा जास्त अधिकारानं बोलू शकतो, कारण ते तुझ्याबरोबर पीत होते आणि मी विंगेत उभा राहून अशा माणसांना वाक्यं पुरवत होतो.

हशाला चढ-उतार असतो. तो उठतो, माथ्यावर जातो आणि उतरायला लागतो. उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं, पूर्ण विरायच्या आत. पट्टीचा विनोदी नट हे कानानं करतो, त्याला कुणी शिकवलेलं नसतं. प्यालेल्या नटाचा हाच कान जातो. तो माथ्यावरच पुढचं वाक्य टाकतो आणि ते हशात बुडतं. किंवा हशा विरून मांडव गप्प झाल्यावर टाकतो. प्रेक्षक तरी हसतात, कारण माणूस ओळखीचा असतो, जत्रा असते, आणि धडपडणाऱ्या माणसाला लोक हसतातच. पण ते विनोदाला हसत नसतात. तुझ्या गेल्या तीन वर्षांतल्या हशातला किती हशा या जातीचा होता, हे तुझ्या पेटीवाल्याला विचार. पेटीवाले खरं सांगतात, त्यांना टाळीतला वाटा नसतो.

मग दारू नसताना तू का पडतोयस? दोन कारणं मला दिसतात. एक साधं. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू सोडल्यावर लगेच ताळ्यावर येत नाही. झोप, उत्साह, एखाद्या गोष्टीत गंमत वाटणं, हे सगळं परतायला कित्येकांना महिने लागतात. पाच महिने म्हणजे काही फार नाहीत. हे बांबोळीच्या डॉक्टरांना सांग. झोपेचं तर सांगच, कारण ते गंभीर आहे आणि त्यावर सवय न लागणारे उपाय आहेत. मनानं मेडिकलमधून झोपेची गोळी आणू नकोस, एक सोडून दुसरी धरशील.

दुसरं कारण तू स्वतःच लिहिलंस, फक्त पहिल्याच परिच्छेदात लिहिलंस आणि तालमीपाशी येईतो विसरलास. तुम्ही जोडी होता. काल्यात बाकीचे देव मराठीत बोलतात, संकासूर कोकणीत वाकडं बोलतो. ते वाकडं वाटायला समोर कुणीतरी सरळ उभं असावं लागतं. तुझ्या विनोदाला पाय ठेवायला जागा दादा देत होता. आज तू वाक्य टाकतोस आणि एका ठरावीक जागी थांबतोस, कारण कित्येक वर्षं तिथे त्याचा प्रश्न येत होता. पुढच्या तालमीत लक्ष ठेव, तू नेमका तिथेच पडत असणार. तिथे दारू कमी पडत नाही रे, तिथे दादा नाही. ती पोकळी आधीही होती. दारूनं ऐकू येत नव्हती, एवढंच.

माझं मत विचारलंस, तर या हंगामात काला कर आणि नाटकं सोड. काला गावच्या देवळाचा, एका रात्रीचा. घर हाकेच्या अंतरावर, देव ओळखीचा, आणि संकासुराच्या काळ्या बुरख्याआड डोळे भरून आले तरी बघणारा कुणी नाही. उत्सवाची नाटकं म्हणजे परगावी जाणं, रात्री तीनला पडदा, आणि मग गाडीत मागच्या सीटवर पोरं नि बाटली. ते यंदा नको. कावळ्याला तू "पार्ट सोडणार नाही" म्हणालास, "सगळी नाटकं करीन" असं म्हणाला नाहीस. एक पार्ट ठेवलास तरी शब्द राहतो. कावळे वकिलासारखं वाचत नाहीत, पण वाचलंच तरी तुझी बाजू मजबूत आहे.

आणि काल्याला समोर उभा राहणारा दुसरा कुणी आत्ताच ठरव. दादासारखा नसेल. नसूच दे. त्याच्याबरोबर दादाची जुनी वाक्यं करू नका, नवीन बसवा.

रंगपटातली बाटली हा प्रकार काही आपल्या गोव्याचा शोध नव्हे, जरी आपल्याकडे गावच्या राखणदार देवाला रोट आणि विडीबरोबर फेणीही लागते. चार्ली चॅप्लिनचा बाप लंडनच्या नाट्यगृहांत गाणारा नट होता. चॅप्लिननं पुढे लिहून ठेवलंय की त्या काळी नाट्यगृहातच दारू विकली जायची, आणि नटानं काम संपल्यावर बारमध्ये जाऊन गिऱ्हाइकांबरोबर पिणं हे जवळजवळ नोकरीचाच भाग असायचं. कोण चांगला गातो याइतकीच कोण त्या बारमध्ये जास्त पैसे खर्च करतो याला किंमत. तो बाप १९०१ मध्ये गेला, वय ३८. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. तुझ्या रंगपटातल्या मित्रांना तू आवडतोस यात मला शंका नाही. पण तू न पिता रंगलास तर त्यांच्या पिण्याला कारण उरत नाही, हेही ध्यानात घे. आपल्या कोकणीत पिणाऱ्याला 'बेबदो' म्हणतात आणि म्हणणारा स्वतः हातात ग्लास घेऊन म्हणत असतो.

तर काल्याच्या रात्री रंगपटात बसू नकोस. बुरखा-कपडे घरून चढवून ये, किंवा देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या खोल्यांत, बदल. पोटात भात असू दे, उपाशी पोटी ओढ दुप्पट होते. बायकोचा भाऊ असेल, कुणी न पिणारा चुलता असेल, त्याला विंगेत उभा कर आणि आधीच सांगून ठेव की माझा पार्ट संपला की वीस मिनिटांत मला इथून ने. ही वीस मिनिटं फार वाईट असतात. टाळ्या कानात असतात, अंग तापलेलं असतं, झोप येणार नसते, आणि सगळ्या गावाला तुला काहीतरी पाजायचं असतं. मी त्या वेळी थर्मासमधला चहा प्यायचो. साखर जास्त. लोक हसायचे. प्रॉम्प्टरला हसलेलं चालतं, संकासुराला सवय आहेच.

गोळ्यांचं मात्र गंमतीत सांगत नाही. दारू नकोशी करणारी जी गोळी मिळते तिचं नाव डायसल्फिराम. ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, आणि जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ही गोळी डॉक्टर देतात ती माणसाला सांगून, रक्त तपासून, त्याची कबुली घेऊन. चहातून चोरून देणं म्हणजे विषप्रयोगच. सासूबाईंच्या हेतूवर माझा राग नाही, लेकीचं बघून त्या कासावीस झाल्या असतील. पण ती पुडी आज रात्रीच बाहेर जाऊ दे. आणि तुला डॉक्टरांनीच ही गोळी सुरू केली असेल, तर घरात बाळंतिणीसाठी दशमूलारिष्ट येईल त्याच्यापासून लांब राहा. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून अल्कोहोल तयार होतं. गोळी नसली तरी तू लांबच राहा. शुद्धीवर असलेला व्यसनी माणूस औषधाची बाटली कोणत्या कारणानं उघडेल हे त्यालाही सांगता येत नाही. मी आजीच्या कुमारीआसवाची बाटली एका रात्रीत संपवलेली आहे, म्हणून सांगतो.

इथे इतर वाचकांसाठी दोन ओळी, कारण अशा पत्रांनंतर मला नेहमी फोन येतात की "आमचा माणूस उद्यापासून सोडतोय, खोलीत कोंडून ठेवू का?" ठेवू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम तोडली तर सहा-आठ तासांत कंप सुटतो, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन माणूस भिंतीवर किडे बघायला लागतो, आणि या अवस्थेत उपचार न मिळाल्यानं माणसं दगावतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. संकासूर बांबोळीच्या मनोरुग्णालयात गेला, ते त्याचं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल. तिथपर्यंत जायची अजून तयारी नसेल तर गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बोला. गोव्याच्याच आरोग्य केंद्रांत पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेनं एक प्रयोग केला होता. डॉक्टर नसलेल्या, साध्या प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या भेटींत बोलायचं. तेवढ्यानंही फरक पडतो हे दिसलं, आणि २०१७ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. रात्री-अपरात्री १४४१६ या सरकारी क्रमांकावर टेलिमानसला फोन लावता येतो, पैसे पडत नाहीत.

तुला, संकासुरा, फोनपेक्षा माणसं लागतील. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायच्या बैठका, गोव्यात होतात, कोकणी-मराठी बोलणारे भेटतात. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे निघालं. बोलणं एवढंच भांडवल. मी पहिल्या बैठकीला गेलो तेव्हा मागच्या खुर्चीवर बसून मनातल्या मनात प्रत्येकाचं वाक्य प्रॉम्प्ट करत होतो, कारण पुढे काय येणार ते मला पाठ होतं. तू गेलास की पहिल्या दिवशी सगळ्यांना हसवशील. हसव. तिसऱ्या-चौथ्या वेळेला न हसवता बोलून बघ. अवघड जाईल. हसवणाऱ्या माणसांचा या कामाशी संबंध जुना आहे. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्यासाठी पैसे पुढे केले ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी. अवचटांचे व्यसनांवरचे लेख वाचून पुलं अस्वस्थ झाले होते.

बाळ आल्यावरचं थोडक्यात. पहिले तीन महिने झोप मिळत नाही, आणि दारू सोडलेला माणूस झोप नसली की घसरतो, यात बाळाचा दोष नाही. रात्रीची एक पाळी ठरवून तुझ्याकडे घे आणि दुसऱ्या पाळीत निर्लज्जपणे झोप. सटीच्या रात्री जागरणाला पाहुणे येतील, पत्ते निघतील, पत्त्यांमागून बाटली निघेल. आपल्या घरात दारू येणार नाही हे तू नव्हे, घरातल्या मोठ्या माणसानं आधीच सांगायचं. बापाला 'पार्टी' मागतील त्यांना जिलेबी दे. आणि बायकोनं तुझ्यावर लगेच विश्वास ठेवावा अशी अपेक्षा धरू नकोस. ती परत आली आहे, अजून पुरती आलेली नाही. ती तुझा वास घेईल. घेऊ दे, रागावू नकोस. तिचं ते हक्काचं आहे. फक्त बाळ मोठं होईल तेव्हा त्याला ते करावं लागू नये.

आता तिसऱ्या अंकाचं.

तू पत्रात दादाच्या मरणावर सात-आठ ओळी लिहिल्यास, आणि त्यात तुझ्या रडण्याची एकही नाही. फोन तू केलास, हे मी पुसू शकत नाही आणि "तुझा दोष नाही" असं म्हणून तुझी बोळवणही करणार नाही. हे तुला हजार लोकांनी सांगितलं असेल आणि तुला ते पटलेलं नाही. ट्रक अंधारात उभा होता. पगडी तू विसरलास. दादा निघणारच होता. ही तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. मला वाटतं, तुला फोनपेक्षाही जास्त तो हशा छळतोय. भाऊ गेलेला असताना मी लोकांना हसवलं, आणि मला ते छान वाटलं. हेच ना? तुला सांगितलं नव्हतं रे. ज्यांनी सांगितलं नाही त्यांनीही मांडवभर लोकांपुढे काय करावं हे न सुचून सांगितलं नसेल. एका प्रयोगाला असा प्रसंग माझ्यापुढेही आला होता. नटाच्या घरची बातमी मला विंगेत कळली आणि पुढचा अर्धा तास मी त्याला वाक्यं देत राहिलो. बरोबर केलं की चूक, मला आजही माहीत नाही. तो नट पुढे माझ्याशी बोलला, पण त्या रात्रीबद्दल कधी नाही.

ही गोष्ट तू बायकोला सांगितलीस का? पूर्ण, हशासकट? नसेल तर बाळ यायच्या आधी सांग. समुपदेशकालाही सांग, पण तिला आधी. बाळाचं तोंड बघून जे सुटेल अशी तुझी आशा आहे ते बहुतेक हेच आहे, आणि ते बाळाला सांगता येत नाही.

आणि एक. ती पगडी कुठे आहे हे तू लिहिलं नाहीस. पोलिसांनी दादाच्या वस्तूंबरोबर परत केली असेल आणि आईनं कुठेतरी पिशवीत गाठ मारून ठेवली असेल, असा माझा अंदाज. ती बाहेर काढ. एक दिवस उन्हात ठेव, कसर लागली असेल. बायकोशी बोलायला बसशील तेव्हा ती तिथेच असू दे. मोडली असेल तर मला कळव, फोंड्यात पगड्या बांधणारे एक म्हातारे माझ्या ओळखीचे आहेत. हात अजून चांगला चालतो त्यांचा, फक्त दुपारी दोनच्या आत जावं लागतं.